ताटापुढचा नेम

कालिंदीचे उपास मोजायचे म्हटले तर पंचांग पुढ्यात घेऊन बसावं लागे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संकष्टी, आणि श्रावण लागला की शनिवारसुद्धा. भालचंद्रराव म्हणत, "बरं झालं देवाने वार सातच केले. आठवा केला असता तर त्याचाही उपास आमच्या घरी आला असता." ती हसे आणि वाती वळत राही. नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांमागून तिने पाच गावांत संसार मांडला होता. आता तीन वर्षं कलकत्त्याला, बालीगंजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जागेत. दर गावी शेजार बदलला, पाणी बदललं, भाजीवाल्याची भाषा बदलली. देवांची पेटी आणि नेम तेवढे तेच राहिले.

१९७३ सालच्या श्रावणात नागपूरहून वृंदाचं पत्र आलं. दिवस राहिले होते, फेब्रुवारी संपता संपता तारीख सांगितली होती. पुढे तिने लिहिलं होतं, "आई, पहिलं बाळंतपण तुझ्याकडेच करायचं. सासूबाईसुद्धा हो म्हणाल्या आहेत. बाळाला न्हाऊ घालायला मला कुठलीही बाई नको, तू हवीस."

कालिंदीने ते पत्र देवापुढे ठेवलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. तिची स्वतःची आई तिच्या लग्नाआधीच गेली होती. वृंदाच्या वेळी पैसे देऊन ठेवलेल्या एका बाईने सगळं केलं. बाई वाईट नव्हती, पण हात राठ होता. मोरीत पोर रडायचं आणि कालिंदी खाटेवर पडून नुसती ऐकायची. तेव्हापासून तिच्या मनात होतं, की आपल्या लेकीचं बाळंतपण आपण आपल्या हातांनी करायचं. तेल लावायचं, पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. देवाजवळ तिने फारसं काही मागितलं नव्हतं. हे एवढं मागितलं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीचा जिना चढताना बेंबीपाशी अशी कळ आली, की ती पायरीवर खाली बसली. बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ दोन वर्षांपासूनच होती. खोकला आला की वर येई, आडवं झालं की आत जाई. तिने ती निऱ्यांच्या आत दडवली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगावीच लागली.

भालचंद्ररावांनी तिला डॉक्टर सुनीतींकडे नेलं. सुनीतीबाईंचे आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. बाई जन्माने कलकत्त्याच्या, वयाने पन्नाशीच्या, आणि त्यांचं मराठी आजीकडून शिकलेलं. बंगाली हेलात, सावकाश, एकेक शब्द शोधून बोलल्यासारखं. त्यांनी गाठ तपासली, तिला काट्यावर उभं केलं आणि काट्यावरचं वजन सरकवत सरकवत एकोणऐंशीवर आणलं.

"हा हर्निया आहे, वहिनी. ऑपरेशन करायला पाहिजे. पण सर्जन आता हात लावणार नाहीत. पोटावर एवढी चरबी असली की टाके धरत नाहीत. सत्तरवर या, मग मी चिठ्ठी देते."

"आणि ऑपरेशन झालं की किती दिवसांत कामाला लागता येतं?"

"दोन महिने काही उचलायचं नाही, वाकायचं नाही. बादली नाही, बाळ पण नाही."

कालिंदीने पदराआड बोटं मोजली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दोन महिने मागे. म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर ऑपरेशन व्हायला हवं. चार महिने, नऊ किलो.

"नाहीच झालं तर?"

"तर बाळाला लांबून बघायचं," सुनीतीबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून करायचं. एक वही करा. रोज काय खाल्लं ते लिहा, आणि महिन्याने मला दाखवा."

वही लिहिणं कालिंदीला अवघड नव्हतं. रोज एक पान रामनाम लिहायचा तिचा कितीतरी वर्षांचा परिपाठ होता. तसलीच दुसरी वही आणली, वर श्री काढला, आणि रोज दिवेलागणीनंतर ती दिवसभराचं लिहू लागली. पोळ्या चाराच्या दोन केल्या. भात मुठीएवढा. गोड बंद. आणि देवाचं बळ पाठीशी असावं म्हणून मंगळवारचा आणखी एक उपास धरला.

महिन्याने काटा ऐंशीवर गेला.

सुनीतीबाईंनी वही उघडली. पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सोमवार, उपास. मंगळवार, उपास. गुरुवार, उपास. इथे संकष्टी, उपास. अर्धा महिना तर तुम्ही खाल्लंच नाही. मग हा एक किलो कुठून आला, वहिनी? भूत येऊन तुमच्या नावाने जेवून जातं काय?"

"खरंच लिहिलंय हो. उपासाला मी जेवत नाही."

"काल गुरुवार होता. काल सकाळपासून आठवा. मला घाई नाही."

कालिंदी आठवू लागली. सकाळी चहा. दहाला साबुदाण्याची खिचडी. किती? वाटीभर. मग तिने डोळ्यांपुढे ताटली आणली, आणि म्हणाली, "दोन वाट्या असतील." दाण्याचं कूट घालून, तुपावर परतलेली. नंतर रताळ्याचा कीस. दुपारी शिकरण, कारण उपासाने डोकं चढतं. चार वाजता चहाबरोबर नणंदेने पुण्याहून पाठवलेला राजगिऱ्याचा लाडू. मग शेजारच्या माशीमांनी संदेश, म्हणजे इथला पेढा, पाठवला. तो छेन्याचा, म्हणजे दुधाचा, म्हणजे उपासाला चालतो. दोन होते. संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. आणि कढईत सकाळची खिचडी थोडी राहिली होती, ती टाकायची कशी म्हणून कढई घासायला टाकताना.

बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. तिने काही लपवलं नव्हतं. खरोखरच आठवलं नव्हतं. उपास म्हटला की त्या दिवशी आपण जेवलो नाही, असंच मनाने धरलं होतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना पोट रिकामं असल्यासारखंच वाटायचं. माशीमा, त्या समोरच्या जागेतल्या वृद्ध विधवा, एकादशीला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या, एकदा तिची फराळाची ताटली बघून म्हणाल्या होत्या, "ये उपोस है? हमारे घर में इसको निमंत्रण बोलते हैं." तेव्हा दोघी किती हसल्या होत्या. आता ते हसणं आठवून कालिंदीचे कान तापले.

"तुम्ही आता म्हणाल, उपास सोडा."

"नाही म्हणणार. माझी आजी पण करायची." सुनीतीबाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. "संध्याकाळी लिहिता तोवर अर्धं विसरलेलं असतं. म्हणून असं करा. ताट पुढे आलं की हात लावायच्या आधी मागचं खाणं आठवायचं. काय खाल्लं, किती, कुठे बसून. असं पूर्ण दिसलं पाहिजे. मन विसरतं ना, म्हणून पोट परत मागतं. मग जेवायचं, आणि लगेच लिहायचं."

घरी येऊन कालिंदी देवघरात बसली आणि तिला रडू फुटलं. काटा चढला याचं नव्हतं ते रडू. तीस वर्षं आपण दत्ताला सांगत आलो की तुझ्यासाठी अन्न सोडलं, आणि सोडलं काय, तर पोळी. त्याने इतकी वर्षं ऐकून घेतलं आणि एका शब्दाने दुखवलं नाही, याचंच तिला फार वाटलं. डोळे पुसून तिने हातात पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. आजपासून घास घेण्याआधी मागचं खाणं तुला सांगीन. खरं सांगीन. वाट्या दोन असल्या तर दोन.

डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती होती ती. कालिंदीने तिचा नेम केला. आणि नेम म्हटला की तिच्याकडून तो मोडत नसे.

पहिले आठ दिवस कठीण गेले. पानापुढे हात जोडून डोळे मिटले की सकाळची पोळी दिसे, भाजी दिसे, आणि मध्येच एखादी जागा कोरी. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये काहीतरी तोंडात गेलं होतं, पण काय ते येईना. विचार करता करता तिला उमगलं, की उभ्याने खाल्लेलं आपल्याला आठवतच नाही. भाजी चिरताना तोंडात टाकलेला खोबऱ्याचा तुकडा, डबा झाकताना उचललेले दाणे, नवऱ्याच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी. ते कशातच धरलेलं नसे, ना मनात, ना वहीत.

तेव्हा तिने नेमाला एक कलम जोडलं. जे खायचं ते पाट मांडून, बसून. चार दाणे असले तरी. मग व्हायचं असं, की दाण्यांसाठी हात डब्याकडे जाई, पाट मांडायचा, बसायचं, सकाळपासूनचं आठवायचं, मग दाणे खायचे, मग उठून लिहायचं, एवढं सगळं डोळ्यांपुढे येई आणि डबा तसाच फळीवर राही. "दाण्यांना एवढा मान कोण देणार," ती भालचंद्ररावांना म्हणाली.

उपास तिने एकही सोडला नाही. मंगळवारचा नवा तेवढा देवाची क्षमा मागून थांबवला. बाकीचे उपास मात्र खरेच उपास झाले. सकाळी पेलाभर दूध, दुपारी एक केळं, संध्याकाळी लहान वाटीभर वरीचे तांदूळ ताकाबरोबर. पहिल्या गुरुवारी हातपाय गळाले. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी जप करताना मन असं स्वच्छ लागलं, की माळ कधी संपली तिला कळलं नाही.

दिवेलागण झाली की भालचंद्रराव बँकेतून येत, हातपाय धुऊन खुर्चीत बसत, आणि ती वही वाचून दाखवी. तेही मन लावून ऐकत. "दुपारी दोडक्याची भाजी एक वाटी. अर्धी भाकरी." "भाकरी कशाबरोबर?" "लिहिलंय ना, दोडका." असं चाले. एका बुधवारी वाचून झाल्यावर ती सहज म्हणाली, "आता तुमचं सांगा."

"माझं काय? डबा. तूच दिलेला."

"आणि?"

भालचंद्ररावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. "आणि एक फिश फ्राय."

कालिंदी वही मिटायची थांबली.

"बँकेच्या खाली मिळतो. बुधवारी सगळे जातात. आलो त्याच पावसाळ्यात बॅनर्जींनी आग्रह केला, तेव्हापासून." मग ते खाली बघत म्हणाले, "तू एवढं खरं वाचून दाखवतेस, आणि मी समोर बसून ऐकतो. जड झालं होतं."

तीन वर्षं दर बुधवारी ते रात्री कमी जेवत. काम फार पडतं म्हणून तिला त्यांची दया यायची आणि ती मऊ भात करून द्यायची. ती उठून आत गेली. त्या रात्री बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी डबा हातात देताना तिने विचारलं, "काट्यांचं बघून खाता ना?"

"त्यात काटे नसतात."

"मग बरं." आणि जरा थांबून, "बुधवारी आल्या आल्या आंघोळ. त्याशिवाय देवघराकडे यायचं नाही."

"बरं," भालचंद्रराव म्हणाले, आणि जिना उतरताना ते नको तेवढ्या मोठ्याने खाकरले, तेव्हा ते हसू दाबताहेत हे तिला कळलं.

दुर्गापूजेपर्यंत काटा पंचाहत्तरवर आला. पूजेचे चार दिवस आळीतल्या मंडपातून भोगाची खिचडी, लाबडा ही मिसळीची भाजी, पायेश म्हणजे खीर, असं घरी यायचं. कालिंदी पेचात पडली आणि थेट दवाखान्यात गेली. "प्रसाद लिहायचा का हो? प्रसाद काही आपलं खाणं नव्हे."

सुनीतीबाई गालात हसल्या. "देव त्यातलं सत्त्व घेतो, वहिनी. वजन तुमच्यासाठीच ठेवून जातो."

तिने चिमूटभर प्रसाद घेतला आणि लिहिला. दिवाळीला त्र्याहत्तर. पोलकी दंडात सैल झाली. डिसेंबर लागला तेव्हा एकाहत्तर, आणि सात तारखेच्या शुक्रवारी वजन बघून चिठ्ठी द्यायचं ठरलं. सर्जननी सतरा तारीख राखून ठेवली होती. वृंदा डोहाळजेवण आटोपून आठवड्यात यायची होती.

एक किलो उरला होता आणि काटा आठ दिवस हलत नव्हता. गुरुवारी, सहा तारखेला, एकादशी आली. कालिंदीने सकाळीच ठरवून टाकलं, आज माशीमांसारखी करायची. निर्जळी. दिवसभर तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. माशीमा कौतुकाने म्हणाल्या, "आज हुआ असली एकादशी." संध्याकाळी ओठ सुकले, डोळ्यांपुढे अंधारलं, तरी ती ताठ बसली. ताट नव्हतं, म्हणून मागचं आठवणंही नव्हतं. दिवा लावला, नमस्कार केला, आणि रोजच्यासारखी दोन घटका देवापाशी न बसता ती उठली. आपण का उठलो हे तिने स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी, पारणं न करताच, ती काट्यावर उभी राहिली. सुनीतीबाईंनी वजन सरकवलं. सत्तर, बरोबर.

"शाबास, वहिनी." त्यांनी कागद ओढला, सर्जनचं नाव लिहिलं, आणि लिहिता लिहिता, सवयीने, विचारलं, "काल काय काय?"

एकादशी होती, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द ओठांवर आलेही. कालिंदी काट्यावरून खाली उतरली, खुर्चीचा आधार घेतला.

"काहीच नाही. पाणीसुद्धा नाही. आणि देवासाठी नाही केलं ते. काट्यासाठी केलं."

पेन थांबलं. सुनीतीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग उठून माठातून पाणी आणलं. एक भांडं, मग दुसरं. ती पीत असताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

"अशा सुकलेल्या अंगाला भूल द्यायची नसते. आणि हा किलो खोटा आहे, संध्याकाळपर्यंत परत येईल. आपण पुढच्या शुक्रवारी बघू."

"सतरा तारीख जाईल."

"जाऊ दे."

"ती नाही मिळाली तर बाळ यायच्या आधी दोन महिने पुरे होणार नाहीत."

"माहीत आहे," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि कागद अर्धा लिहिलेला तसाच खणात ठेवला.

घरी येऊन कालिंदीने पारणं केलं. पाटावर बसून हात जोडले, तर आठवायला मागचं खाणं नव्हतं. आठवायला कालचा दिवसच होता. तो तिने सगळा सांगितला. तुझा दिवस मी माझ्या कामाला लावला, असं म्हणताना तिला हुंदका आला, आणि मग, पुष्कळ दिवसांनी, भूक लागलेल्या माणसासारखी ती सावकाश, एकेक घास बघत जेवली.

पुढच्या शुक्रवारी काटा सत्तरच्या जरासा खालीच टेकला. या खेपेला पाणी पिऊन. सर्जनची सतरा तारीख तोवर दुसऱ्याला गेली होती; सत्तावीस मिळाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. कालिंदी खाटेवर आणि आठवा लागलेली वृंदा उशाशी बसून तिला चमच्याने पेज भरवतेय, असं बघून भालचंद्रराव म्हणाले, "माहेरपणाला कोण आलंय, काही कळत नाही." वृंदाने आईची वही वाचून काढली होती. "आई, किती बारीकसारीक लिहिलंयस. सात ऑक्टोबर, अर्धा पेरू, गच्चीच्या दारात उभ्याने, चूक झाली." ती हसत होती, पण पान उलटताना तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या.

कालिंदीने पुन्हा बोटं मोजली. सत्तावीस फेब्रुवारीला दोन महिने पुरे होत होते. तारीख पंचविसाची होती. बाळ एखादा आठवडा उशिरा आलं तर.

बाळ अठरालाच आलं. मुलगी झाली. तेविसाला माय-लेकी घरी आल्या आणि चोविसाला सकाळी घरातलं पहिलं न्हाणं ठरलं. सुनीतीबाई येऊन बजावून गेल्या. "बसून न्हाऊ घाला, तेल लावा, सगळं करा. फक्त खालून उचलायचं नाही, बादली सरकवायची नाही. सत्ताविसापर्यंत नाही म्हणजे नाही."

मोरीत पाट मांडला होता, पाणी काढलं होतं, तेलाची वाटी कोमट करून ठेवली होती. कालिंदी पाटावर बसली, लुगडं गुडघ्यांपर्यंत सारून पाय लांब केले. आता बाळ त्या पायांवर कुणी आणून ठेवायचं? वृंदाला उठायची मनाई. माशीमांचे हात थरथरत. तिने दाराकडे बघितलं.

भालचंद्रराव सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून उभे होते. वृंदा झाली तेव्हा ते दुसऱ्या गावी होते. तीन महिन्यांची झाल्यावर त्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं होतं. इतकं लहान मूल त्यांनी जन्मात हातात घेतलं नव्हतं.

"मला जमेल असं वाटत नाही," ते म्हणाले.

"मानेखाली एक हात. दुसरा कमरेखाली."

"निसटेल."

"निसटत नाही. अंगाजवळ धरा. फाईल धरल्यासारखी लांब नका धरू."

श्वास रोखून त्यांनी नातीला उचललं, पाच पावलं चालत आणलं आणि कालिंदीच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. मग तिथेच उकिडवे बसले आणि सांगितल्याप्रमाणे तांब्याने पाणी देऊ लागले. कालिंदीने तेलाचा हात पाठीवरून फिरवला. पोर आधी रडली, मग पाण्याची ऊब लागताच गप्प होऊन एका कानाने काही ऐकत असल्यासारखी पडून राहिली. आतून वृंदाने विचारलं, "झोपली का गं?" "नाही," भालचंद्ररावच म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, "ती विचार करतेय."

पंचविसाला त्यांनी आणलं, सव्विसाला आणलं. सत्ताविसाला आणताना त्यांनी श्वासही रोखला नाही. अठ्ठाविसाला कालिंदीचे दोन महिने पुरे होऊन एक दिवस उलटला होता. तिने पाणी काढवून घेतलं, तेल कोमट केलं, पाटावर बसली. पाळण्यापासून मोरी पाच पावलं. आज माझी मी आणते, असं सांगायचं तिने सकाळपासून योजलं होतं.

तेवढ्यात बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भालचंद्रराव बँकेत जायचा पोशाख घालायच्या आधी, बाह्या दुमडत, पाळण्याकडे चालले होते.

कालिंदीने तेलाची वाटी जवळ ओढली. तिने पाय लांब केले आणि वाट बघत बसली.